पावलांचा हिशेब

इ. स. १८६६ च्या जानेवारी महिन्यात तिबेटची राजधानी ल्हासा येथे एक यात्रेकरू येऊन उतरला. त्याच्या एका हातात जपमाळ होती आणि दुसऱ्या हातात बौद्ध लोक फिरवतात तसले प्रार्थनाचक्र. वाटेने चालताना त्याच्या तोंडी सतत काहीतरी पुटपुटणे चाले, आणि मध्येच कोणी बोलायला आले तर तो चक्र फिरवीत मान खाली घाली. अशा भाविकाच्या जपात व्यत्यय आणू नये ही त्या देशाची रीत असल्यामुळे लोक बाजूला होत. त्याची जपमाळ कोणी हातात घेऊन मोजली असती, तर मात्र एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली असती. माळेचे मणी १०८ असावयाचे, ते या माळेत १०० च होते. दर शंभर पावलांना एक मणी सरके. माळ एकदा फिरली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल, पुरे होत. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या पट्टीऐवजी कोरे कागद होते आणि त्यांवर अंतरे व दिशा टिपलेल्या होत्या.

हा यात्रेकरू म्हणजे कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा शाळामास्तर नैनसिंग रावत. तिबेटची सरहद्द त्या काळी परकीयांस बंद होती. त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्याचा अधिकारी कॅप्टन माँटगोमेरी याने युक्ती काढली, की गोऱ्या माणसाला जे साधत नाही ते सीमेवरच्या पहाडी माणसाला साधेल. १८६३ मध्ये नैनसिंग आणि त्याचा चुलतभाऊ मणिसिंग यांना डेहराडूनला आणून दोन वर्षे शिकवण्यात आले. शिक्षणाचा मुख्य भाग एकच होता: चढ असो, उतार असो, वाळू असो की खडक असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. मैलाला सुमारे दोन हजार पावले हे प्रमाण अंगात भिनेपर्यंत हा सराव चालला. त्याखेरीज पेटीच्या चोरकप्प्यात कोणमापक यंत्र, काठीच्या पोकळीत तापमापक आणि कवड्यांमध्ये भरलेला पारा असा सरंजाम बरोबर देण्यात आला. रात्री कटोऱ्यात पारा ओतला की त्याचा आरसा तयार होई. त्यात ताऱ्याचे प्रतिबिंब धरून अक्षांश काढायचा. चहाचे पाणी उकळताना त्यात तापमापक बुडवायचा आणि पाणी किती उष्णतेला उकळते त्यावरून त्या जागेची उंची ठरवायची.

ल्हासामध्ये त्याचे पैसे संपले, तेव्हा तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहिण्याची पद्धत शिकवून त्याने पोट भरले. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्याने पाहिला, आणि त्यानंतर तो बाहेर फारसा पडेनासा झाला. तरीही ताऱ्यांची निरीक्षणे चालूच राहिली. परत येईपर्यंत त्याने सुमारे बाराशे मैलांची वाट मोजली होती, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरातली पावले. ल्हासाचा अक्षांश त्याने २९ अंश ३९ कला असा काढला. आज उपग्रहांच्या साहाय्याने काढलेला अक्षांशही अंश-कलांपुरता तोच आहे.

आज सह्याद्रीत वा हिमालयात हिंडणाऱ्या तरुणाच्या खिशात जो स्मार्टफोन असतो, तोही पावले मोजतो. माळेच्या मण्याचे काम त्यातला तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक कंपनमापक करतो, दिशा दाखवायला चुंबकमापक असतो, काही फोनांत हवेच्या दाबावरून उंची सांगणारे यंत्रही असते. नैनसिंगाने काठीत, पेटीत आणि कवड्यांत लपवून नेलेली साधने जवळजवळ सगळीच त्या तळहाताएवढ्या वस्तूत आली आहेत. फरक आहे तो मालकीचा आणि विश्वासाचा, आणि त्याचा इतिहास थोडा मागून सांगितला पाहिजे.

नैनसिंग वाटेची लांबी मोजीत होता, पण ती वाट ज्या भूमीला जोडायची ती भूमी आधीच मोजली जात होती. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या सपाटीवर विल्यम लँब्टनने साखळी अंथरून एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभारीत तो पुढे निघाला. अर्धा टन वजनाचे त्याचे कोणमापक यंत्र देवळांच्या शिखरांवर आणि डोंगरांच्या माथ्यांवर माणसांनी चढवले. या कामात असतानाच १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला आणि त्याची समाधी तिथेच आहे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार हिंदुस्थानपुरता नीट बसेल असा एक लंबगोल गणिताने ठरवला. त्या लंबगोलावर या देशाचे सर्व जुने नकाशे उभे आहेत.

ही गोष्ट केवळ पंडितांच्या कामाची नव्हे. उपग्रह ज्या लंबगोलाच्या हिशेबाने स्थान सांगतात तो साऱ्या पृथ्वीला बसेल असा निराळा लंबगोल आहे. म्हणून फोनने दाखवलेले अक्षांश-रेखांश कोणी भाबडेपणाने जुन्या सर्वेक्षण नकाशावर मांडले, तर शंभर मीटरच्या आसपासची तफावत पडू शकते. मोकळ्या माळावर शंभर मीटरने काही बिघडत नाही. कड्याच्या तोंडाशी शंभर मीटर म्हणजे कड्याची वरची बाजू की खालची, एवढा प्रश्न असतो.

नैनसिंगाचे नाव झाले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. त्याच्या मागोमाग किशनसिंग चार वर्षे तिबेट आणि मंगोलियाच्या सीमेपर्यंत हिंडला. लुटारूंच्या भीतीने काही मजल घोड्यावरून मारावी लागली, तेव्हा घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले त्याने मोजली. परंतु या सगळ्यांत विलक्षण कथा आहे ती किंटुप या सिक्कीमच्या माणसाची. तिबेटातील त्सांगपो हीच आसामातील ब्रह्मपुत्रा की काय, याचा निर्णय करण्यासाठी १८८० मध्ये त्याला एका लामाबरोबर धाडण्यात आले. किंटुपला लिहिता-वाचता येत नव्हते. ठरले असे की खुणेचे ओंडके दररोज पन्नास याप्रमाणे नदीत सोडायचे आणि खाली आसामात माणसांनी पाळत ठेवायची. बरोबरच्या लामाने वाटेत किंटुपला गुलाम म्हणून विकले आणि तो घोडा घेऊन पसार झाला. किंटुप पळाला, एका मठाच्या आश्रयाला गेला, तिथल्या मठाधिपतीनेही त्याला विकत घेऊन कामाला ठेवले. यात्रेला जाण्याची रजा मागून त्याने जंगलात पाचशे ओंडके तोडून लपवले, ल्हासाला जाऊन ओंडके सोडण्याचा दिवस कळवणारे पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतले, परत येऊन चाकरी केली आणि ठरल्या दिवसापासून दहा दिवस रोज पन्नास ओंडके नदीत सोडले. ते पत्र वेळेवर योग्य हाती पडले नाही. ज्या अधिकाऱ्याने त्याला पाठवले होते तो हिंदुस्थान सोडून गेला होता. पाचशे ओंडके ब्रह्मपुत्रेतून वाहत गेले आणि ते पाहायला काठावर कोणीही नव्हते. १८८४ मध्ये किंटुप परतला तेव्हा त्याच्या हकिकतीवर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड या दोघा अधिकाऱ्यांनी ती दरी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा त्याने सांगितलेले बहुतेक सारे खरे ठरले.

वरून खाली खूण सोडायची आणि खालच्याने ती ओळखून आपले ज्ञान पुरे करायचे, ही किंटुपच्या मोहिमेमागची कल्पना होती. उपग्रहांची रचनाही तशीच आहे. फक्त नदीच्या जागी आकाश आले. तेही प्रथम उलट्या वाटेने. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वाइफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याचा पीप-पीप आवाज ऐकला आणि आगगाडीची शिटी जवळ येताना उंच व दूर जाताना खालच्या सुरात ऐकू येते त्याच न्यायाने, आवाजाच्या चढउतारावरून त्याची कक्षा काढली. पुढल्या वर्षी त्यांच्या वरिष्ठाने विचारले, की जमिनीवरचे ठिकाण माहीत असताना उपग्रह कुठे आहे हे कळते, तर उपग्रह कुठे आहे हे माहीत असता जमिनीवरचे ठिकाण कळणार नाही काय? हा प्रश्न त्याच्या मनात आला तो पाणबुड्यांमुळे. समुद्राच्या पोटातून अण्वस्त्रे सोडावयाची तर आपण कुठे आहोत हे पाणबुडीला अचूक ठाऊक असले पाहिजे. डोंगरातल्या वाटसरूला आज वाट दाखवणाऱ्या विद्येचा जन्म असा युद्धाच्या पाळण्यात झाला.

जीपीएस या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर ही व्यवस्था पुरी झाल्यावर नागरी उपयोगासाठी मोफत खुली राहील असे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णत्वाने चालू झाली. तरीसुद्धा नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, आणि त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे होई. मे २००० च्या आरंभी ही मिसळ बंद करण्यात आली. एका रात्रीत जगातल्या प्रत्येक यंत्राची नजर दहापटीने तीक्ष्ण झाली, आणि त्यासाठी त्या यंत्रांत काडीचाही बदल करावा लागला नाही. २००८ पासून अशी यंत्रे फोनात सर्रास बसू लागली.

डोंगरात फिरणाऱ्यांपैकी पुष्कळांचा असा समज असतो की जिथे फोनची सेवा पोहोचत नाही तिथे ही व्यवस्थाही निरुपयोगी. वस्तुतः उपग्रहांचा आणि फोन कंपनीच्या मनोऱ्यांचा संबंध नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. चार उपग्रहांचे संदेश ऐकू आले, तर ते किती उशिरा पोहोचले यावरून फोन आपले स्थान काढतो. तो स्वतः काहीच पाठवत नाही, केवळ ऐकतो. या हिशेबात वेळेची किंमत अशी, की सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक म्हणजे जवळजवळ फुटाची चूक. उपग्रहावरची घड्याळे आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ते दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरांची तफावत होईल. स्थानाचे गणित फोन मुकाट्याने करतो. मनोऱ्यांवाचून त्याचे अडते ते निराळ्या ठिकाणी: पहिले स्थान सापडायला कित्येक मिनिटे लागतात, आणि नकाशा घरून उतरवून आणला नसेल तर पडद्यावर कोऱ्या भूमीवर एक निळा ठिपका तेवढा दिसतो. आपण कुठे आहोत हे कळते. तिथे काय आहे हे कळत नाही.

तिथे काय आहे, हाच सह्याद्रीतला खरा प्रश्न. फोनातल्या नकाशांवर उंचीच्या ज्या रेषा असतात त्यांपैकी पुष्कळशा २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार-मोजणीतून आल्या आहेत. पृथ्वीवरील बहुतेक भूमी इतक्या अल्पावधीत मोजून होणे ही थोर गोष्ट खरी. परंतु ती मोजणी जमिनीचे सुमारे तीस मीटरांचे चौकोन पाडून केलेली आहे आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची आहे. दख्खनचा काळा पाषाण पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातो. पायरीचा सपाट भाग रुंद आणि उभा भाग ताशीव. चौकोनांच्या सरासरीत ताशीव भाग घासला जातो, आणि दीडशे फुटांचा कडा नकाशावर चढणीसारखा दिसतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर मध्यभागी आत वळलेला आहे. खालची जमीन जिथे वरच्या कड्याच्या पोटात शिरते तिथे कोणतीही समोच्च रेषा काय करणार? वाट दाखवणाऱ्या रेषांचेही तसेच. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी लोकांसाठी केलेल्या नकाशात अनेक डोंगरवाटा चालणाऱ्यांनीच घातल्या. एकाने पावसाळ्यानंतर ढोरवाटेने जाऊन ती रेघ नोंदवली, की मागून येणाऱ्या दहाजणांना तीच राजमार्ग वाटते. शिवाय नाळेच्या तळाशी दोन्ही बाजूंना कातळ असले की आकाशाची फटच तेवढी उरते, उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा येतात आणि निळा ठिपका दरीच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारू लागतो.

मग होकायंत्र? फोनातल्या चुंबकमापकाला पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एक गणिती कोष्टक पुरवलेले असते आणि चुंबकीय उत्तर सरकत असल्यामुळे ते दर पाच वर्षांनी नवे करावे लागते. या कोष्टकाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची जी मोलाची नोंद आज जगातले शास्त्रज्ञ चाळतात, ती कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्या विजेने सूक्ष्म यंत्रे बिघडतील म्हणून वेधशाळेचे हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. तिचे संचालक नानाभाई मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे बरोबरच नोंदी ठेवून जुन्या-नव्याचा सांधा बेमालूम जुळवला. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. असे असूनही सह्याद्रीच्या माथ्यावर होकायंत्र कधीकधी दगा देते, कारण तो कातळच चुंबकित आहे, आणि वीज पडलेल्या जागी तर विशेष. याच कातळातल्या चुंबकत्वाचा अभ्यास १९५० नंतरच्या दशकात झाला आणि भारताची भूमी एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती याचा एक भक्कम पुरावा त्यातून हाती आला. होकायंत्राला फसवणारा दगड भूगर्भशास्त्राला वाट दाखवून गेला.

भारताने आपली स्वतःची व्यवस्था उभारली तिचे नाव ‘नाविक’. परक्याने बंद करता येईल अशा खुणेवर देशाने विसंबू नये हा त्यामागचा विचार रास्तच होता. २०१३ ते २०१६ या काळात तिचे सात उपग्रह गेले. परंतु पहिल्याच उपग्रहावरची परदेशातून आणलेली अणुघड्याळे बंद पडली, आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी पाठवलेल्या उपग्रहाचे आवरणच उघडले नाही. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी घड्याळ बसले आणि सामान्य फोनांना सोयीची लहरही त्यात आली. जानेवारी २०२५ मधला त्याचा जोडीदार ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. हा मार्ग अजून चढणीचाच आहे.

नकाशांच्या बाबतीत मात्र अडचण आकाशात नव्हती, कचेरीत होती. सीमा आणि समुद्रकिनारा यांच्या लगतच्या रुंद पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ मिळत नसत. कोकण आणि सह्याद्रीतले कित्येक गड त्या पट्ट्यात येत. पाणबुडीवाल्यांची विद्या वाटसरूच्या खिशात आली, तरी आपल्याच गडाचा नकाशा त्याला मागून मिळत नसे, आणि परदेशी कंपन्यांच्या पडद्यावर त्याच गडाचे उपग्रहचित्र तो हवे तेवढे मोठे करून पाही. २००५ च्या नकाशा-धोरणाने काही दारे उघडली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक सारी. परमुलखाच्या बंद सीमेत शिरून ज्या खात्यासाठी नैनसिंगाने पावले मोजली, त्या खात्याला आपली कपाटे आपल्या लोकांस खुली करायला त्यानंतर दीडशे वर्षे लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

या सर्व साधनांपूर्वी डोंगरात वाट दाखवीत असे तो वाटाड्या. गावगाड्यात हे काम नेमून दिलेले होते: सरकारी माणूस वा प्रवासी आला की गावच्या शिवेपर्यंत त्याला पोहोचवायचे, तिथून पुढे दुसऱ्या गावचा माणूस. गावाच्या सीमा ज्याला तोंडपाठ, तो महार वतनदार हे काम करी, आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी तुटपुंजी जमीन व बलुते त्याला चोवीस तास बांधून ठेवी. या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव-वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. ती जाणे न्यायाचेच होते. त्यांच्याबरोबर शिवेचे आणि वाटांचे जे ज्ञान होते, त्याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी कोणी केली नाही. आज गडाच्या पायथ्याच्या वाड्यांवरील ठाकर, महादेव कोळी तरुण हे काम स्वखुशीने आणि रोख मोलाने करतात, आणि त्यांच्याही कमरेला फोन असतो.

कोणी चुकला, रात्र पडली, आणि फोनच्या विजेत चार टक्के धुगधुगी उरली असेल, तर सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पुढे न चालता ते दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश, एका संदेशात पाठवून देणे. संदेशाला संभाषणापेक्षा कमी जोराची लहर पुरते, आणि कित्येक चुकलेले असेच सापडले आहेत. खाली वाडीत बचावासाठी जमलेली माणसे ते आकडे आपल्या फोनात घालतात, पडद्यावर ठिपका उमटतो, आणि मग तो पडदा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्यापुढे धरला जातो. तो आकड्यांकडे पाहत नाही. पाण्याचे टाके डाव्या हाताला येते की उजव्या, एवढेच विचारतो, आणि उत्तर मिळाले की त्या घळीचे नाव सांगतो. ते नाव फोनातल्या नकाशावर बहुधा नसते. दोर, बॅटऱ्या आणि पाणी घेऊन पोरे त्या नावाच्या दिशेने चालू लागतात.